मालक, इको वाढवा की!

सोलापुरात गाणाऱ्याचा सूर कसा आहे हे फारसं कोणी विचारत नाही. इको कसा आहे ते विचारतात. सूर हा गायकाचा आणि त्याच्या गुरूचा घरगुती प्रश्न, त्यात चार लोकांनी पडू नये, असा इथला समंजसपणा. पण ओळीचा शेवटचा शब्द मैदानाला चक्कर मारून परत आला नाही, तर पुढच्या रांगेतला एखादा गृहस्थ खुर्चीतून अर्धा उठतो, साऊंडवाल्याकडे मान वळवतो, हवेतच एक बटण फिरवून दाखवतो आणि ओरडतो, "मालक, इको वाढवा की!" साऊंडवाला काहीतरी फिरवल्यासारखं करतो, गृहस्थ बसतो आणि गाणं चांगलं व्हायला लागतं.

ही सवय लहानपणीच लागते. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते पेलतात, संमती कट्ट्यापाशी अक्षता पडतात. तेवढा भाग भक्तीचा. संध्याकाळी होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरली की पुढचा सगळा भाग इकोचा. मौत का कुआँवाल्याच्या माइकला इको, आकाशपाळण्यावाल्याला इको, हरेक माल विकणाऱ्यालाही इको. हरवलेल्या मुलांची नावं पुकारणारा माइकही त्यातून सुटत नाही. "प्रशांत... शांत... शांत..." असं चारी दिशांनी ऐकू आलं की प्रशांत सापडो न सापडो, आईबापांच्या हातातली बाकीची पोरं रडायची थांबतात.

अशा या गावात आमच्या ऑर्केस्ट्रातल्या 'व्हॉइस ऑफ मुकेश'नी स्वतःच्या मालकीचा इको विकत घेतला.

बॅनरवर गायकाचं नाव बारीक आणि तो ज्याचा आवाज काढतो त्याचं नाव ठळक, ही ऑर्केस्ट्रातली जुनी रीत. आमच्याकडे व्हॉइस ऑफ रफी आहेत, व्हॉइस ऑफ किशोर आहेत, व्हॉइस ऑफ लताही आहेत. मुकेश दिवसा नव्या पेठेत टॉवेल विकतात. गिऱ्हाइकानं नुसतं भाव विचारला तरी टॉवेल त्याच्या गालाला लावून दाखवतात. रात्री सुपारी असली की कोट चढवून मुकेश होतात. मी याच ऑर्केस्ट्राचा निवेदक. दोन गाण्यांच्या मध्ये लोकांना उठू न देणं एवढंच माझं काम, त्यामुळे बाकीचा वेळ स्टेजच्या कडेला बसून सगळं बघायला मोकळा.

तर ही पेटी. आम्ही सगळे तिला पेटी म्हणतो, पण आहे तो पायानं दाबायचा एक लोखंडी डबा. माइकची वायर साऊंडवाल्याकडे जाण्याआधी या डब्यातून जाते. आत आवाजाला इको लागतो, रिव्हर्ब म्हणजे घुमारा लागतो, एका गळ्याचे तीन गळे होतात, सूर घसरला तर खालून हात मिळतो. गिटारवाल्यांच्या पायाशी असे पेडल फार वर्षांपासून होते. पुढे बॉस, टीसी हेलिकॉन अशा कंपन्यांनी खास गळ्यासाठी ते काढले, तेव्हा गायकांच्या लक्षात आलं की आपल्यालाही पाय आहेत.

घेण्याचं कारण साऊंडवाले. आमची टूर म्हणजे बार्शी, पंढरपूर, मंगळवेढा, अक्कलकोट, तुळजापूर आणि सीमेपलीकडे इंडी, आळंद, कलबुर्गी. छोटा हत्तीत सामान, सामानावर ढोलकीवाला. दर गावाला नवा साऊंडवाला, नवा मिक्सर आणि नवी समजूत. एका ठिकाणी इको इतका दिला की मुकेशना स्वतःचंच गाणं ओव्हरटेक करून गेलं. दुसरीकडे इतका कमी दिला की लोकांना टॉवेलचे भाव ऐकल्यासारखं वाटलं. इंडीला तर इको कन्नडमध्ये दिला, असं ते अजून सांगतात. आपला इको आपल्या पायाशी असला की कोणाच्या पाया पडायला नको, हा त्यावर त्यांनी काढलेला तोडगा.

मांडणी बघण्यासारखी आहे. प्लायवूडच्या फळीवर जुन्या सतरंजीचा तुकडा ठोकलेला. मधोमध मुख्य डबा. डावीकडे लूपर नावाचा दुसरा डबा, जो एकदाही चालू झालेला नाही, पण त्याच्यावाचून फळी भरल्यासारखी वाटत नाही. उजवीकडे एक्स्टेंशन बोर्ड, त्यात दोन्ही डब्यांचे अ‍ॅडॉप्टर, मोबाइलचा चार्जर आणि डास पळवायचं मशीन. कालव्याकाठच्या गावात कार्यक्रम असला की या चौघांत सर्वांत मोलाचं कोण, यावर वाद होत नाही. कोपऱ्यात टेस्टर, काळी चिकटपट्टी, खडीसाखर-ज्येष्ठमधाची डबी. आणि फळीच्या कडेला दोऱ्यानं लटकवलेली लिंबू-मिरची. लिंबू वाळकंच लागतं. ओल्या लिंबाचा रस आत गेला तर नजर उतरवायला पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला जावं लागतं.

पहिल्याच दिवशी धर्मसंकट उभं राहिलं. आपल्याकडे वाद्याला पाय लागला तर चटकन हात लावून तो कपाळाला लावतात. इथे तर वाजवायचंच पायानं. आमच्या व्हॉइस ऑफ लता, म्हणजे ताई, त्यांनी साफ सांगितलं, "माझ्या गळ्यावर मी पाय देणार नाही." मुकेशनी संगीत नाटकांचा दाखला काढला. गंधर्वांच्या नाटकातला ऑर्गन पायानंच भाता मारून वाजायचा, तेव्हा सरस्वती कुठे रागावली? ताई म्हणाल्या, "ते भाता पायानं मारत होते, सूर हातानं लावत होते." यावर उत्तर नव्हतं. तेव्हापासून मुकेश कार्यक्रमाआधी वाकून पेटीला नमस्कार करतात आणि मग तिच्यावर पाय ठेवतात. बघणाऱ्याला वाटतं, आधीच माफी मागून घेतात.

तोही पाय अनवाणी. नटराजाच्या तसबिरीपुढे नारळ फुटलेला असतो, तिथे चप्पल घालून कोण उभं राहणार? पेडल काढणाऱ्यांनी बटणं बुटाच्या हिशेबानं केलेली आहेत, मुकेश ती अंगठ्यानं दाबतात. त्यात गावोगावचं अर्थिंग म्हणजे मातीत एक सळई ठोकून तिच्यावर तांब्याभर पाणी. ओलसर सतरंजीवर अनवाणी उभं राहून ओठ माइकला लागला की सणकन झटका बसतो. म्हणून जुने गायक माइकला रुमाल गुंडाळायचे. पेटी आल्यापासून तीच मेजवानी अंगठ्यालाही मिळते. त्या क्षणी लागणारा वरचा सा मात्र अगदी अस्सल असतो. तिथे यंत्राची मदत लागत नाही.

पेटीत तयार आवाजांचे ढीग भरलेले आहेत. एक नंबर दाबला की माणूस स्टेडियममध्ये गातो, दुसरा दाबला की चर्चमध्ये, तिसरा दाबला की टेलिफोनवरून. परगावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं, सोलापूरकराला नाही. इथे चादरीच्या मागावर जेकार्ड असतं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते, जसं भोक तसा धागा उचलला जातो आणि चादरीवर कमळ उमटतं. पुठ्ठे बदलले की त्याच मागावर मोर. विणकर तोच, सूत तेच. मुकेशनीही आपले पुठ्ठे बसवून घेतले. पडद्यावर मराठी अक्षरं येत नाहीत, म्हणून बटणांच्या वर चिकटपट्टी लावून पेनानं नावं घातली: 'मुकेश साधा', 'मुकेश दुःखी' आणि 'मुकेश लई दुःखी'. तिन्हींत गळा एकच. दुःखाची प्रत इकोच्या लांबीवर ठरते.

दुःख लांबून येतं हे आपल्याला सिनेमानंच शिकवलं. १९४९ च्या 'महल'मधल्या गाण्याच्या वेळी आवाज दुरून जवळ येत असल्याचा भास हवा होता, म्हणून लताबाई माइकपासून लांब उभ्या राहून गात गात जवळ आल्या, ही गोष्ट त्यांनीच सांगितलेली आहे. तेव्हा दुःख पायांनी चालत यायचं. आता पायानं दाबलं की येतं.

चौथं बटण 'विजापूर'. सोलापूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर १६५६ साली पुरा झालेला, विजेवाचून चालणारा आणि अजून एकदाही सर्व्हिस सेंटरला न गेलेला इको उभा आहे. सोलापूरच्या शाळांच्या सहली गोल घुमटाला जातात, पोरं सज्जात उभी राहून मास्तरांचं टोपणनाव एकदा कुजबुजतात आणि घुमट ते सात वेळा मास्तरांना ऐकवतो. मुकेशनी त्याचा हिशेब मांडला. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. समोरच्या भिंतीवर आपटून परत यायला त्याला सव्वादोनशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. तो आकडा पेटीत भरला, आवर्तनं सात ठेवली, झाला आदिलशाही इको तयार. ऐकायला भव्य, पण त्यात दुसरा शब्द उच्चारायची सोय नाही. पहिला परतून जाईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून ते बटण फक्त कार्यक्रमाच्या शेवटच्या शब्दाला.

एवढी तयारी करून पेटीचा पहिला मोठा मुकाबला झाला तो शहराच्या पूर्व भागात, नवरात्रात. पूर्व भाग म्हणजे यंत्रमागांचा भाग. श्रोत्यांत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळी मंडळी. साऊंड चेकलासुद्धा इथे एका भाषेत भागत नाही. साऊंडवाला अण्णा "हॅलो, वन टू थ्री" म्हणाला, त्याचा पोऱ्या दुसऱ्या माइकवर "ओकटी, रेंडू, मूडू" म्हणाला, कीबोर्डवाल्यानं "ओंदू, एरडू, मूरू" करून घेतलं. तीन भाषांत मिळून तीनपर्यंतच मोजून झालं, तोवर अण्णाची नजर मुकेशच्या पायाकडे गेली.

"हे काय करलालास बे?" त्यानं आधी पोऱ्याला विचारलं, कारण माइकची वायर पोऱ्यानं दिली होती. मग मुकेशना, "मालक, वायर मधेच कुठं घातली?"

मुकेशनी शांतपणे समजावलं. आवाज इथेच तयार होऊन येणार, तुम्ही फक्त पुढे सोडायचा. इको अजिबात द्यायचा नाही.

अण्णा ऐकत राहिला. तोंडातला मावा त्यानं एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "इको द्यायचा नाही, मग पार्टी पैसे कशाचे देणार?"

हा प्रश्न मला अजूनही बिनतोड वाटतो. स्पीकर भाड्याचे, जनरेटर भाड्याचा, मांडव दुसऱ्याचा. साऊंडवाल्याचं स्वतःचं असं जे काही कार्यक्रमात असतं, ते म्हणजे मिक्सरवरचं ते एक बटण. बाकीची बटणं तो लावतो, हे बटण तो वाजवतो. ते काढून घेतलं तर त्यानं रात्रभर करायचं काय? मुकेश आपल्या आवाजाची मालकी मागत होते. अण्णाच्या हिशेबी तो आवाज त्याच्या वायरीत शिरला त्या क्षणी मुकेशचा राहिलेला नव्हता. मधल्या मध्ये आपली बाजू कोणती ते ठरवण्यापेक्षा मी चहा सांगितला. शेवटी अण्णा "बरं मालक" म्हणाला. सोलापुरात "बरं मालक"चा अर्थ 'ऐकलं' असा आहे. 'ऐकेन' असा नाही.

कार्यक्रम सुरू झाला. दुसऱ्याच ओळीला पुढच्या रांगेतून मागणी आली, "इको वाढवा की!" अण्णानं वाढवला. मुकेशना तो जास्त वाटला, त्यांनी पेटीतला कमी केला. अण्णाला कमी वाटला, त्यानं आणखी वाढवला. त्यात समोरच्या चार मजली अपार्टमेंटची भिंत स्वतःच्या खर्चानं तिसरा इको देत होती. तिन्हींचा ताल वेगळा. दुसरं कडवं सुरू झालं तरी पहिल्या कडव्यातले मुकेश अजून येतच होते. ऑक्टोपॅडवाल्यानं मान वाकडी करून मला खुणेनं विचारलं, कुठल्या मुकेशना साथ करू?

मग कुई सुरू झाली. माइकचा आवाज स्पीकरमधून निघून परत माइकमध्ये शिरला की ती होते, एवढं मांडवातल्या पोरांनाही ठाऊक असतं. पेटीमुळे त्यात भर अशी, की तिच्यातला कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो आणि बारीक आवाज उचलून वर आणतो. मुकेश श्वास घ्यायला थांबले की पेटी आजूबाजूला काय मिळतं ते शोधायला लागते. तिनं एकदा ढोलकी उचलली, एकदा माझा खोकला उचलला. माझ्या खोकल्याला त्या रात्री जो रिव्हर्ब मिळाला तो मला निवेदनाला कधी मिळाला नव्हता.

खरा प्रकार पुढे झाला. मुकेशनी हार्मनीचं बटण दाबलं. हे बटण दाबलं की पेटी गायकाच्या वर-खाली आणखी दोन आवाज उभे करते, पण त्यासाठी गाणं कुठल्या पट्टीत आहे ते तिला आधी सांगून ठेवावं लागतं. गाणं ठरलं होतं काळी पाचला. पेटीच्या भाषेत ए शार्प. कुईशी झगडून मुकेशचा गळा बसला होता, म्हणून कीबोर्डवाल्यानं माणुसकीनं काळी चारला उतरवलं. मुकेशना डोळ्यांनी सांगितलं, ढोलकीवाल्याला बोटांनी सांगितलं. पेटीला कोणीच सांगितलं नाही. मुकेश काळी चारला गायला लागले आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन अदृश्य गायक काळी पाचला ठाम उभे राहिले. दोघेही मुकेशच. दोघेही मूळ मुकेशपेक्षा आत्मविश्वासानं गात होते. आमच्या मुकेशनी गोंधळून दुसरं बटण दाबलं, तर दोघं आणखी दुःखी झाले.

पुढं बसलेल्या एका वयस्कर विणकरानं शेजाऱ्याला निदान सांगितलं, "पुठ्ठा चुकला वो."

बाकीच्यांना मात्र ते फार आवडलं. टाळ्या पडल्या, वन्स मोअर आला. उद्घाटनाला आलेले नगरसेवक स्टेजच्या मागं डोकावून आले, कोरस कुठं बसवलाय ते बघायला. आणि मंडळाचा खजिनदार वही घेऊन माझ्याकडे आला. "कोरसवाल्यांचं जेवण धरलेलं नाही. किती जण हायत?"

त्याचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता. गाणाऱ्याच्या मागं उभं राहून त्याचा शब्द परत देणारी माणसं आपल्याकडे पूर्वीपासून होती आणि त्यांना जेवण धरावं लागायचं. शाहीर ओळ सोडतो, झीलकरी ती झेलतात, लांबवतात, "जी जी" लावून परत शाहिराच्या हाती देतात. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो, फेटा सावरतो, पुढची ओळ आठवतो. इकोचं बटण याहून निराळं काही करत नाही. तमाशात कानावर हात ठेवून मागून सूर धरणारे सुरते, ती हार्मनी. कीर्तनात बुवांनी चरण सोडलं की टाळकरी उचलतात, तो रिव्हर्ब. पेशवाईतले राम जोशी सोलापूरचेच. लावणीही त्यांची आणि पुढे कीर्तनही त्यांचं, म्हणजे दोन्हीकडची ही सोय त्यांनी भोगलेली. सोलापूरकर इको मागतो तेव्हा तो मला तरी आवाजाचा थाटमाट मागतोय असं वाटत नाही. गाणाऱ्यानं काही म्हटलं की मागून कोणीतरी होकार भरावा, एवढंच त्याचं मागणं आहे. झीलकरी परवडेनासे झाले, तेव्हापासून तो होकार साऊंडवाल्याकडे मागावा लागतो.

पेटीला नाईट द्यावी लागत नाही, गाडीत तिला खिडकी लागत नाही, मध्येच दुसऱ्या पार्टीत ती जात नाही. पण झीलकऱ्यांकडे एक अक्कल होती. शाहीर चुकला की ते तेवढ्यापुरते गप्प बसायचे. पेटी चूकही तितक्याच निष्ठेनं तीनदा म्हणून दाखवते.

आमच्या कार्यक्रमांना काही म्हातारी माणसं येतात, त्यांना हे काहीच पटत नाही. त्यांनी बार्शीच्या अमर शेखांना ऐकलेलं असतं, निदान ज्यांनी ऐकलं त्यांच्याकडून ऐकलेलं असतं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत अमर शेख डफ घेऊन उभे राहिले की आवाज कसा शेवटच्या माणसापर्यंत जायचा, हे ते पेटीकडे बघत बघत सांगतात. खरा आवाज असला की यंत्र लागत नाही, हे त्यांचं पालुपद. मला हे पटत नाही. अमर शेख जिल्ह्याला एक मिळाले. गाऊन पोट भरणारे शेकड्यांनी होते. उघड्या मैदानात रात्ररात्र शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकून ज्यांचे गळे चाळिशीच्या आत बसले, त्यांच्या आठवणी कोणी सांगत नाही. डबा पायाशी ठेवून माणूस साठीपर्यंत गाणार असेल, तर ठेवू द्यावा. ऐकणाऱ्यांचं काय होईल हा प्रश्न वेगळा.

माझा राग आहे तो एकाच बटणावर, सूर सुधारणाऱ्या. ही विद्या बाजारात आणणारा अँडी हिल्डेब्रँड आधी तेल कंपन्यांसाठी काम करायचा. जमिनीत स्फोट करायचा, त्याच्या लाटा खडकांवर आपटून परत येतात, त्यांच्या हिशेबावरून खाली तेल आहे का ते ओळखायचं. १९९७ मध्ये तेच गणित त्यानं माणसाच्या गळ्याकडे वळवलं आणि ऑटोट्यून निघालं. पुढच्याच वर्षी शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह'नं ते जगभर पोचवलं. खडकाखाली तेल आहे का हे बघणाऱ्यालाच गळ्याखाली सूर आहे का हे बघायची बुद्धी व्हावी, यात नवल नाही. दोन्हीकडे पुष्कळ विहिरी कोरड्याच निघतात.

आमच्या मुकेशनी ते बटण एकदा पुरतं पिळून पाहिलं. आता मुकेशच्या गाण्यात काय असतं, तर सूर लागता लागता जरासा खाली रेंगाळतो, नाकातला थोडा ओलावा घेतो आणि मग जागेवर येतो. लोक रडतात ते त्या रेंगाळण्याला. पेटीनं नेमकं तेच चूक म्हणून दुरुस्त केलं. उरला तो एक काटेकोर, बिनचूक गृहस्थ, ज्याच्या आयुष्यात काही वाईट झालंय असं वाटेना. तिसरं बटण दाबूनही वाटेना. खरे मुकेश २७ ऑगस्ट १९७६ ला डेट्रॉइटला गेले, लताबाईंबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना. शेवटपर्यंत दौऱ्यावर होते आणि ते रेंगाळणंही त्यांनी शेवटपर्यंत बरोबर नेलं. ते बटण आता काळ्या चिकटपट्टीखाली आहे.

पूर्व भागातल्या त्या रात्रीचा शेवट सांगायचा राहिला. दहा वाजले. २००० सालच्या ध्वनी नियमांप्रमाणे रात्री दहानंतर भोंगे बंद. वर्षातले काही मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं, पण त्या मोजक्या दिवसांत तो दिवस नव्हता. पोलीस स्टेजवर आले. भले गृहस्थ होते, त्यांनी वायर उपटली नाही. म्हणाले, मीच लोकांना सांगतो. मुकेशनी अदबीनं आपला माइक पुढे केला आणि बाजूला सरकताना त्यांचा अंगठा चौथ्या बटणावर पडला.

साहेब खणखणीत आवाजात म्हणाले, "कार्यक्रम आता बंद करा!"

आणि मांडवाच्या चारी बाजूंनी उत्तर आलं, "करा... करा... करा... करा..."

सात वेळा. लोक उठून टाळ्या वाजवू लागले. मागून कोणीतरी ओरडलं, "साहेब करा म्हणलालेत!" आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांचा आवाज एवढा घुमला असावा. त्यांनी माइककडे पाहिलं, एकदा घसा खाकरला, तोही घुमला. चेहऱ्यावर समाधान लपेना. एक गाणं म्हणा आणि आवरा, असं म्हणून ते खाली उतरून पुढच्या रांगेत बसले. अण्णानं मात्र कबूल केलं की एवढा लांब इको त्याच्या मिक्सरलाही येत नाही, आणि पेटी कितीला पडली ते विचारून घेतलं.

तेव्हापासून पेटीचं नाव झालं. लग्नसराईत एका गुरुजींचा निरोप आला. त्यांना मंगलाष्टकांसाठी पेटी हवी होती. वेगवेगळ्या कार्यालयांत वेगवेगळे साऊंडवाले, कोणी इको देतो, कोणी देत नाही, दक्षिणेवर परिणाम होतो, वगैरे. दुखणं मुकेशच्या ओळखीचं होतं. त्यांनी दुकान बंद झाल्यावर गुरुजींना चारही बटणं वाजवून दाखवली. 'विजापूर' गुरुजींनी लगेच बाद केलं. "एका सावधानला एवढा वेळ घालवला तर मुहूर्त टळेल." 'मुकेश साधा' त्यांना कोरडा वाटला. त्यांच्या मनात भरलं ते 'मुकेश लई दुःखी'. शेवटच्या कडव्याला ते लावलं की मुलीची आई बरोबर वेळेवर रडते, व्हिडिओवाल्याला तेवढा शॉट मिळतो आणि सगळे खूश होतात.

गुरुजी पेटीला पाय लावायला तयार नाहीत. त्यामुळे ते बटण दाबायला मुकेशच जातात. अंतरपाटाच्या कडेला, कोट घालून, मुठीत अक्षता धरून उभे राहतात आणि गुरुजींनी मान हलवली की अंगठा दाबतात. गाण्याच्या नाईटपेक्षा यात पैसे थोडे जास्त मिळतात. शिवाय दुपारी दोनच्या आत पंगतीला बसून मोकळे, आणि आतापर्यंत एकाही लग्नात कोणी वन्स मोअर मागितलेला नाही.